वळल्या हजार, कार्डावर किती?

विडी कारखान्याच्या ब्रँचमध्ये टेबलावर कट्टे सोडले जातात आणि तपासणारा एकेक विडी बाजूला काढू लागतो. ही जाड झाली, हिचं तोंड नीट दुमडलेलं नाही, हिचा दोरा सैल, हिच्या पानावर डाग. बाजूला पडली ती छाट. समोर उभी असलेली बाई बहुतेक वेळा गप्प असते, कारण उद्याचं पान-तंबाखू याच टेबलावरून मिळायचं असतं. मग तिच्या कामाच्या नोंदीच्या कार्डावर जमा विड्यांचा आकडा चढतो. सोलापुरातल्या विडी कामगार बाईची मजुरी, तिचा फंड (भविष्य निर्वाह निधी), पेन्शन, ग्रॅच्युइटी, मुलांची शिष्यवृत्ती, तिच्या पश्चात घरच्यांना मिळणारा विमा, हे सगळं शेवटी या एका आकड्यावर उभं असतं.

विडी कामगारांसाठी आपल्याकडे कायदे कमी नाहीत. संसदेने त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदे केले, सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिले. पण प्रत्येक हक्काच्या दारात एकच प्रश्न विचारला जातो: तुम्ही कामगार आहात याचा कागद कुठे आहे? तो कागद तयार करणं मालकाच्या हातात, तो दाखवण्याची जबाबदारी मात्र बाईची. धोरण कोणतंही असो, केंद्राचं किंवा राज्याचं, त्याने हा कागद पक्का होतो की कच्चा, यावरच त्याची पारख व्हायला हवी.

आधी काम काय आहे ते पाहू. तेंदूची पानं भिजवून ओल्या फडक्यात बांधून ठेवायची, मऊ झाली की पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने कापायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू. पानावर तंबाखू पसरून वळायचं, दोरा गुंडाळायचा, टोक दुमडून आत दाबायचं. हजार विड्यांना साधारण अर्धा किलोच्या वर पान आणि २०० ते २५० ग्रॅम तंबाखू लागते. सरावलेल्या हातालाही हजार वळायला आठ-दहा तास जातात, आणि त्यात पान भिजवण्याचा-कापण्याचा वेळ बहुधा कोणी धरतच नाही. मजुरी दर हजारी. म्हणजे पान कोरडं, फाटकं, भोकाभोकाचं निघालं की दिलेल्या वजनात हजार विड्या बसत नाहीत. मग बाई एकतर कमी विड्या परत देते आणि तेवढी मजुरी गमावते, नाहीतर पदरचे पैसे घालून बाजारातून पान आणते. वजन पुरतं होतं, पान मात्र वाईट होतं, हे लिहायला कार्डावर रकानाच नसतो.

छाटीचा हिशेबही करून बघा. रोज हजारात ५० विड्या छाट गेल्या तर २६ दिवसांत १,३०० होतात. महिन्याला एका दिवसाहून जास्त काम फुकट गेलं. त्या विड्या बाईच्या हाती परत आल्या नाहीत आणि तिच्यासमोर मोडल्याही गेल्या नाहीत, तर त्या पुढे कुठे जातात हे विचारण्याची सोय तिला नसते. १९६६ चा विडी आणि सिगार कामगार कायदा करणाऱ्यांना ही गोष्ट ठाऊक होती. म्हणून त्या कायद्याच्या कलम ३९ मध्ये कच्चा माल देण्यावरून, विड्या नाकारण्यावरून आणि नाकारलेल्या विड्यांच्या मजुरीवरून होणारे वाद वेगळ्या अधिकाऱ्यापुढे मिटवण्याची तरतूद केली होती. साध्या कारखान्यात असले वाद उद्भवतच नाहीत. टेबलाच्या एका बाजूला दर्जा ठरवणाराही तोच, मजुरी देणाराही तोच आणि उद्याचं काम देणाराही तोच असतो, तेव्हाच ते उद्भवतात.

तो कायदा का करावा लागला, हे आज आठवायला हवं. १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने कारखाने कायद्याखालच्या एका प्रकरणात सांगितलं की मालकाकडून पान-तंबाखू नेऊन बाहेर विड्या वळवून आणणारे सट्टेदार हे कारखान्याचे कामगार नव्हेत. घराघरांत पसरलेलं काम म्हणजे कायद्याच्या भिंतीबाहेरचं काम, असाच त्याचा परिणाम होता. १९६६ च्या कायद्याने ती भिंतच हलवली. मालकाने किंवा कंत्राटदाराने दिलेला माल घरी नेऊन विड्या वळणाऱ्यालाही ‘कामगार’ म्हटलं. मालकवर्ग न्यायालयात गेला, पण १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा कायम ठेवला. १९७७ साली विडी उद्योग भविष्य निर्वाह निधीखाली आला, आणि १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केलं की घरी बसून विड्या वळणारी बाई फंडाच्या दृष्टीनेही मालकाचीच कामगार आहे. विडी नाकारण्याचा जो अधिकार मालकाकडे असतो, त्यातच त्याचं नियंत्रण दिसतं, हा त्या निकालातला महत्त्वाचा धागा. म्हणजे ज्या छाटीने बाईची मजुरी कापली जाते, तीच छाट ती कोणाची तरी कामगार असल्याचा पुरावा ठरली.

आता त्या कायद्यातली फट. स्वतःच्या घरात घरच्यांच्या मदतीने विड्या करणाऱ्या स्वयंरोजगारी माणसाला हा कायदा लागू नव्हता, मात्र तो कोणा मालकाचा कामगार नसेल तरच. दिसायला योग्य तरतूद आहे, पण तिचा उलटा वापर करता येतो. पान-तंबाखू ‘दिलं’ असं न लिहिता ‘विकलं’ असं लिहायचं, आणि विड्या ‘जमा’ न लिहिता ‘खरेदी’ लिहायच्या. काम तेच, हात तेच, सूप तेच. कागदावर मात्र बाई मजूर न राहता छोटी व्यापारी होते. मग फंड नाही, ग्रॅच्युइटी नाही, किमान वेतन नाही. देशात विडीचं काम चालतं तिथे ही खरेदी-विक्री पद्धत जुनी आहे. तिला चाप लावायचा तर कागदावरच्या शब्दापेक्षा व्यवहार बघितला पाहिजे: माल कोणाच्या छापाचा, दर कोण ठरवतो, नाकारतो कोण, आणि बाईला त्या विड्या दुसऱ्या कोणाला विकता येतात का.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. १९६६ चा कायदा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत विलीन झाला. ४४ कलमांच्या त्या कायद्यातून विड्यांसाठी खास अशी मोजकीच कलमं उरली: परवाना, अपील, जागेबाहेर पान भिजवण्या-कापण्याची परवानगी. आणि हो, घरातल्या स्वयंरोजगाराची सवलतही जशीच्या तशी राहिली. पळवाट राहिली आणि तिच्याभोवतीचं कुंपण विरळ झालं, ही माझ्या मते या बदलातली सर्वांत काळजीची गोष्ट आहे.

तरी या संहितांमध्ये हाताशी धरण्यासारखं काहीच नाही, असं म्हणणं चुकीचं होईल. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायला हवं. वेतन संहितेत पगारपत्रक देणं बंधनकारक आहे. कमी मजुरीचा दावा करायला पूर्वी किमान वेतन कायद्यात ६ महिन्यांची मुदत होती, आता ती ३ वर्षं आहे. दाव्याच्या दहापटीपर्यंत भरपाई देता येते. आणि पूर्ण मजुरी दिली, हे सिद्ध करण्याचं ओझं मालकावर टाकलं आहे. हे शेवटचं फार मोलाचं आहे. पण ओझं मालकावर कधी जाईल? बाई ही त्याची कामगार आहे, एवढं आधी मान्य झालं तर. म्हणजे पुन्हा आपण कार्डापाशीच आलो.

किमान वेतनाबद्दल एक गैरसमज सोलापूरच्या पूर्व भागात पक्का बसलेला आहे: तडजोडीत ठरला तोच दर. विडी वळणं हा जुन्या किमान वेतन कायद्यात अनुसूचित उद्योग होता. राज्य सरकार दर हजारी दर ठरवतं आणि त्यावर महागाईनुसार विशेष भत्ता चढतो. प्रत्यक्षात दर ठरतो तो मालक आणि संघटनांच्या बैठकीत, आणि ‘तडजोड झाली’ असं सांगितलं जातं. कारखाने बंद पडतील या भीतीपोटी बायका ती तडजोड मानतातही. पण किमान वेतनाखाली केलेला करार कायद्याने रद्दबातल असतो, तो कोणीही आणि कितीही सह्यांनी केलेला असो. संघटनेने सही केली म्हणून बाईचा फरकाचा हक्क बुडत नाही. हे प्रत्येक ब्रँचच्या भिंतीवर, मराठीत आणि तेलुगूत, मोठ्या अक्षरांत लावलेलं असायला हवं. सोलापुरात विड्या वळणाऱ्या बायकांत पद्मशाली घरांतल्या तेलुगू भाषक बायका मोठ्या संख्येने आहेत. इंग्रजी-मराठी अधिसूचना त्यांच्यापर्यंत कोणाच्या तरी तोंडूनच पोचते, आणि सांगणारा बहुतेक वेळा मालकाकडचाच असतो.

आता कार्डावरचा आकडा कमी चढला तर काय होतं, ते रुपयांत पाहू. विडी उद्योगात फंडाचा दर १० टक्के आहे. महिन्याची मजुरी ३,००० लिहिली असेल तर बाईचे ३०० कापले जातात आणि मालक ३०० घालतो. त्या मालकाच्या ३०० पैकी साधारण २५० पेन्शन योजनेत जातात, फंडात पडतात ते जेमतेम ५०. पेन्शनचं सूत्र असं: शेवटच्या ६० महिन्यांची सरासरी मजुरी गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. वीस वर्षं पूर्ण झाली की सेवेत २ वर्षं जास्तीची धरतात. ३,००० ला २२ ने गुणून ७० ने भागलं की येतात ९४३ रुपये. २०१४ पासून किमान पेन्शन १,००० रुपये असल्यामुळे तिला हजार मिळतील. तीच बाई खरोखर ६,००० रुपयांच्या विड्या वळत असेल, आणि अर्धं काम कार्डाबाहेर किंवा दुसऱ्या कोणाच्या नावावर गेलं असेल, तर पूर्ण नोंदीने तिला १,८८६ रुपये मिळाले असते. दर महिन्याला ८८६ रुपयांचा हा तोटा तिला मरेपर्यंत सोसावा लागतो.

‘दुसऱ्या कोणाच्या नावावर’ ही गोष्ट सहज घेऊ नका. सासूच्या कार्डावर सून वळते, आईच्या कार्डावर लेक. घरात काम वाटून घेतलं जातं, आणि कार्ड मिळणं सोपं नसतं, म्हणून एकाच कार्डावर दोघी-तिघींचे हात चालतात. सासूला पेन्शन लागते तेव्हा सुनेने पंधरा वर्षं काम करूनही तिची नोंद शून्य असते. पेन्शनला किमान १० वर्षांची सेवा लागते. तिची दहा वर्षं आता पन्नाशीत सुरू होणार.

ग्रॅच्युइटीतही अशीच एक खाच आहे, जिच्याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. नगावर काम करणाऱ्याची ग्रॅच्युइटी शेवटच्या ३ महिन्यांत मिळालेल्या मजुरीच्या सरासरीवर मोजतात. काम सोडण्याच्या आधीच्या तीन महिन्यांत डोळे दुखतात म्हणून, किंवा माल कमी दिला म्हणून रोजच्या विड्या निम्म्यावर आल्या, तर वीस वर्षांच्या हिशेबाचा पायाच खचतो. त्यामुळे काम कमी करायचं की सोडायचं हे ठरवण्याआधी ही तीन महिन्यांची गोष्ट बाईला माहीत असली पाहिजे. तिला ती सांगतं कोण?

कागद असूनही अडतं, ते नावात. फंडाच्या जुन्या नोंदीत माहेरचं नाव, आधारवर सासरचं. आडनावाचं तेलुगू रूप एकीकडे, मराठीत लिहिलेलं दुसरीकडे. जन्मतारखेच्या जागी नुसतं वर्ष. कारखाना बदलला तर दोन-तीन फंड क्रमांक, आणि त्यांना जोडणारं काहीच नाही. २०२५ च्या जानेवारीत फंड कार्यालयाने दुरुस्ती सोपी केली: आधारशी जोडलेला यूएएन (फंड सदस्याचा कायमचा क्रमांक) १ ऑक्टोबर २०१७ नंतरचा असेल तर नाव, जन्मतारीख सदस्य स्वतः ऑनलाइन बदलू शकतो. पण विडी कामगारांत जुन्या बायकाच जास्त. त्यांची दुरुस्ती अजून मालकामार्फत जाते, आणि कारखाना बंद पडला असेल तर सही आणायची कुठून हा प्रश्न उरतो. म्हणून ज्या अजून काम करताहेत त्यांनी हे आजच तपासून घ्यावं: यूएएन एकच आहे ना, जुने क्रमांक त्यात वर्ग झाले का, आधारवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतं का, वारस नोंदवला आहे का. वारसाचं विशेष, कारण फंडाशी जोडलेल्या विमा योजनेत सेवेत असताना मृत्यू झाला आणि आधीचे १२ महिने सलग सेवा असेल, तर किमान अडीच लाख रुपये मिळू शकतात. त्या घरासाठी ही रक्कम फार मोठी आहे.

पेन्शन सुरू झाल्यावरही वर्षातून एकदा हयातीचा दाखला लागतो. वर्षानुवर्षं कात्री, पान, दोरा यांनी बोटांचे ठसे झिजलेले असतात. यंत्र ठसा घेत नाही आणि जिवंत बाई परत पाठवली जाते. चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय २०२१ पासून आहे. ती माहीत नसेल तर तिचा काही उपयोग नाही.

इथे धोरणांच्या एकमेकांत अडकण्याचा एक नमुना सांगतो. ई-श्रम नोंदणी आणि ६० नंतर ३,००० रुपये देणारी श्रमयोगी मानधन योजना असंघटित कामगारांसाठी आहे, आणि फंडाचा सदस्य तिथे चालत नाही. म्हणजे विडी कामगार बाई फंड आहे म्हणून ‘असंघटित’ नाही, आणि त्या फंडातून येणारी पेन्शन मात्र १,०००. दोन दारं समोरासमोर, आणि प्रत्येक दारावर पाटी ‘पलीकडे जा’.

आता पैशाचा मुद्दा. १९७६ साली संसदेने विडीवर उपकर बसवला आणि त्यातून कल्याण निधी उभा केला. दवाखाने, शिष्यवृत्ती, घरबांधणीला मदत हे त्या निधीतून चाले. शेवटी हा उपकर हजार विड्यांमागे ५ रुपये होता. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि उपकर रद्द झाला. विडीवर २८ टक्के कर लागला. योजना सरकारने अर्थसंकल्पातून चालू ठेवल्या, हे मान्य. पहिली ते चौथीच्या मुलाला वर्षाला १,००० आणि व्यावसायिक पदवीला २५,००० अशी शिष्यवृत्ती आजही आहे. पण फरक मोठा पडला. आधी तो विडीतून आलेला, विडी कामगारासाठीच राखलेला पैसा होता. आता तो दरवर्षी मंजूर व्हावा लागतो आणि इतर मागण्यांशी त्याला झगडावं लागतं. कर वाढला, हक्काचा हिस्सा मात्र संपला. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये जीएसटी परिषदेने विडीचा दर १८ टक्के आणि तेंदूपानाचा ५ टक्के ठरवला. मालकाला दिलासा मिळाला. त्यातला किती कार्डापर्यंत उतरावा, याबद्दल त्या निर्णयात काही नव्हतं.

यावर एक आक्षेप येतो आणि तो प्रामाणिक आहे: विडी जीव घेते, मग या धंद्याला का जपायचं? धंदा जपा असं मी म्हणत नाही. तंबाखूची धूळ आधी वळणाऱ्या बाईच्याच नाकातोंडात जाते आणि पाळण्यातलं मूलही त्याच खोलीत असतं. पाकिटावर ८५ टक्के जागेत इशारा असावा, हे योग्यच आहे. पण २००४ साली भारताने तंबाखू नियंत्रणाचा जो आंतरराष्ट्रीय करार मान्य केला, त्याचं कलम १७ तंबाखूवर पोट असणाऱ्या कामगारांना पर्यायी उपजीविका देण्याबद्दल आहे. इशाऱ्याचं चित्र छापलं गेलं, कर लागला. कलम १७ सोलापुरात पूर्व भागाच्या बोळांत कुठे दिसतं? गिरण्या बंद पडल्या तेव्हाही या शहराने हेच भोगलं आहे: धंदा गेला, नोंदी गेल्या, आणि माणसांनी मिळेल ते काम धरलं. यंत्रमागावर नवरा आणि सुपावर बायको, ही घडी आता दोन्ही बाजूंनी सैल होते आहे. धंदा आक्रसणार असेल तर बायकांची नोंद आधी पक्की करा, म्हणजे पर्याय द्यायची वेळ येईल तेव्हा यादी तरी खरी असेल.

धोरणाने काही होतच नाही, असं सोलापूरकराने म्हणू नये. सोलापूरजवळच्या कुंभारीला विडी कामगार बायकांसाठी १०,००० घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली आणि २००६ साली घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. त्यानंतर तिथेच असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांचं रे नगर आलं. त्यातल्या १५,००० घरांचं लोकार्पण १९ जानेवारी २०२४ ला झालं. कामगार नेते नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखालच्या चळवळीने ते वर्षानुवर्षं लावून धरलं आणि केंद्र-राज्याच्या योजनांचे पैसे एकत्र आणले. बायकांच्या नावावर घरं होऊ शकतात, तर त्यांच्या नावावर त्यांचं काम का होऊ शकत नाही?

श्रमसंहितांखालचे राज्याचे नियम ही त्यासाठीची जागा आहे. विड्यांच्या कामाचं कार्ड कसं असावं, हे त्या नियमांत नमुन्यासह लिहून द्यावं. रोजच्या ओळीत पान किती ग्रॅम दिलं आणि कोणत्या प्रतीचं, तंबाखू किती, जमा केलेल्या विड्या किती, छाट किती, छाटीला किती मजुरी धरली, दर काय, आणि महिन्याअखेर फंडात किती भरले. छाट बाईसमोर मोडली, याची खूण. टेबलावर तिला दिसेल असा काटा. घरात विड्या वळणारी प्रत्येक बाई स्वतंत्र कार्डावर. मजकूर मराठी आणि तेलुगूत, दोन प्रती; एक ब्रँचमध्ये आणि एक बाईकडे, तिच्या घरच्या ट्रंकेत रेशनकार्डाशेजारी.